गदाधरशास्त्रींची करंगळी

एकदा काय झालं, एक राजा दमला, जेवला आणि झोपला. झोपू द्या त्याला. आपली गोष्ट त्याची नाही. त्याच्या राज्याच्या पार टोकाला, डोंगराच्या कुशीत एक गाव होतं वेळूगाव. तिथं एक म्हातारा राहायचा. आपली गोष्ट त्याची. तोही दमलेलाच होता, पण त्याला झोप कुठली!

त्याचं नाव गदाधरशास्त्री. फार शिकलेले, बरं का. चार शास्त्रं तोंडपाठ. इतके शिकलेले की एखादी गोष्ट बरोबर आहे असं वाटायच्या आधी ती चूक का असेल, हेच त्यांना सुचायचं. आमटीत मीठ कमी आहे का म्हणून विचारलं तर म्हणायचे, "कमी वाटतंय खरं, पण माझी जीभच चुकत असेल." बायको होती तोवर ती हसायची. आता कोण हसणार?

तर त्या गावाच्या मागं एक रान होतं. दाट, जाळ्यांचं. रानाच्या पोटात एक झरा होता. आणि गावाची एक रीत होती. सात वर्षांच्या पोरानं एकट्यानं रानात जायचं, झऱ्याचं पाणी गडूत भरून आणायचं. पाणी आणलं की गावजेवणात त्याचा स्वतःचा पाट मांडला जायचा. तोवर आपलं आईच्या ताटात.

वाट काही लांब नव्हती. पण वाटेत आडवा निजलेला असायचा. आडवा म्हणजे कोण? कुणी म्हणे राक्षस, कुणी म्हणे पाय फुटलेला डोंगर. तो कुणाला खात नसे, मारत नसे. नुसता वाटेवर आडवा पडून राही. त्याच्या पलीकडं कसं जायचं, ते ज्याचं त्यानं शोधायचं. मोठ्यांना सांगता येत नसे, कारण एकदा वापरलेली युक्ती त्याच्यापुढं पुन्हा चालत नसे.

आणि त्याच्यासमोर जे पोर नुसतं उभं राहिलं, 'आता काय करू' म्हणून थबकलं, त्याचे पाय जमिनीत रुजायचे. बोटांना पानं फुटायची. झुडूप व्हायचं त्याचं. नाही नाही, घाबरू नका. वर्षभरच. वर्षानं मुळं सुटायची आणि पोर घरी यायचं. यायचं खरं, पण पहिल्यासारखं नाही.

गदाधरशास्त्रींचा मुलगा वामन असाच वर्षभर झुडूप होऊन आला होता. आता वामन मोठा झाला होता, त्याचं लग्न झालं, मुलगी झाली. पण अजूनही तो उंबऱ्यावर यायचा आणि तिथंच थांबायचा. आत जाऊ की बाहेर जाऊ? बायको म्हणायची, "अहो, एकीकडं व्हा ना, मला केर काढायचाय." मग तो हलायचा.

आणि वामनला शिकवून रानात पाठवलं होतं कुणी? त्याच्या बापानं. हेच ते कारण, ज्यामुळं शास्त्रीबुवांना झोप येत नसे.

मग काय झालं, त्या वर्षी गावात तीन पोरं सात वर्षांची झाली. एक कुंभाराचा रावजी. एक धनगराची ठकू. आणि तिसरी सगुणा, वामनची मुलगी, म्हणजे शास्त्रीबुवांची नात. तिला सगळे सगू म्हणायचे. सगू भित्री होती. कोंबडी अंगावर आली तरी डोळे मिटायची.

ठकूची आई आली आणि म्हणाली, "शास्त्रीबुवा, म्हैनाभर ऱ्हायलाय. पोरांना काहीतरी शिकवा."

"मी?" शास्त्रीबुवा म्हणाले. "अगं, मी वामनला शिकवलं होतं. आठवतं ना?"

"आठवतं की. पर गावात दुसरं रिकामं कोन हाय?"

शास्त्रीबुवा उठले. मग त्यांनी जुनं धोतर फाडून एक पट केला. त्यावर गेरूनं रान काढलं, नदी काढली, विहीर काढली, एक मोडका पूल काढला. रावजीनं मातीच्या तीन सोंगट्या वळून भाजून आणल्या. शास्त्रीबुवांनी देवघरातून पाच कवड्या घेतल्या. ते म्हणाले, "आपण रान इथंच खेळू. खऱ्या रानाआधी खोटं रान."

पहिल्या दिवशी त्यांनी नियम सांगायला घेतले. नदीचे नियम चाळीस. पुलाचे नियम पंचवीस. साप दिसल्यास काय, साप न दिसल्यास काय. दुपार झाली तरी खेळ सुरूच होईना. रावजी सोंगटी चाटत बसला. ठकू उठली आणि म्हणाली, "म्या शेळ्यांकडं जाते. शेळ्या बऱ्या, त्या बोलत न्हाईत." आणि गेली.

दुसऱ्या दिवशी शास्त्रीबुवांनी नियम ठेवले बाजूला. स्वतःच गोष्ट सांगू लागले. "तुम्ही तिघं नदीपाशी आलात. तुम्ही नदी ओलांडलीत. तुम्हाला नागीण दिसली, तुम्ही तिला चुकवलंत."

"आमी केवा चुकवलं?" रावजी म्हणाला. "मला तर ती धरायची हुती."

"नागीण धरायची नसते."

"मंग तुमीच जावा रानात," रावजी म्हणाला. आणि तिघंही घरी गेली.

तिसऱ्या दिवशी शास्त्रीबुवा फार दमले होते. रात्रभर डोळ्याला डोळा नव्हता. पोरं आली, पटाभोवती बसली. शास्त्रीबुवा म्हणाले, "तुम्ही मोडक्या पुलापाशी आलात. खाली पाणी आहे." आणि पुढचं त्यांना सुचेचना. डोकं भिंतीला टेकलं. डोळे मिटले. तसेच, मिटल्या डोळ्यांनी ते म्हणाले, "बरं, मग तुम्ही काय करता?"

 असं पोरांना आजवर कुणी विचारलंच नव्हतं, बरं का.

मग ठकू हळूच म्हणाली, "आजोबा, पटावर मला शेळी हुता येतं का?"

"शेळी?" शास्त्रीबुवांनी एक डोळा उघडला. यात सात चुका असतील असं त्यांना वाटलं. पण चुका काढायला अंगात बळ कुठं होतं? ते म्हणाले, "बरं, हो शेळी."

"मंग म्या कठड्यावरनं जाते. शेळी कुटूनबी जाते."

"मी वाघ," रावजी ओरडला. "एका डोळ्याचा!"

"एकाच का रे?"

"दुसरा लढाईत गेला."

सगूनं आपली सोंगटी मुठीत धरली. मग म्हणाली, "मी सगूच. पण मला गाणं येतं. माझं गाणं ऐकलं की सगळे निजतात."

असा खेळ लागला. काही अवघड करायचं असलं की पाच कवड्या टाकायच्या. तीन किंवा जास्त उताण्या पडल्या की जमलं. कमी पडल्या की नाही जमलं. नियम एवढाच. बाकी शास्त्रीबुवा सांगायचे, काय दिसतंय, काय ऐकू येतंय. आणि मग विचारायचे, तू काय करतेस? तू काय करतोस? रोज दुपारी ओसरीवर वाघ गुरगुरायचा, शेळी उड्या मारायची. वामन उंबऱ्यावर उभा राहून बघायचा.

आता ऐका. इथं शास्त्रीबुवांच्या हातून एक गोष्ट झाली.

एके दिवशी सगूची सोंगटी विहिरीत उतरली. विहिरीत नागीण होती. सगू म्हणाली, "मी गाणं म्हणते," आणि तिनं डोळे गच्च मिटून कवड्या टाकल्या. दोन उताण्या, तीन पालथ्या. नाही जमलं. शास्त्रीबुवांनी नातीकडं पाहिलं. तिच्या पापण्या थरथरत होत्या. आणि त्यांची करंगळी पुढं झाली. करंगळीनं एक कवडी हळूच उलटवली.

"तीन उताण्या," शास्त्रीबुवा म्हणाले. "नागीण निजली."

सगूनं डोळे उघडले. अशी हसली, अशी हसली! वर्षभरात हसली नव्हती तेवढी.

मग पुलाखालच्या सुसरीपाशी तेच झालं. मग डाकूंच्या टोळीपाशी तेच. दर वेळी सगू डोळे मिटायची आणि दर वेळी करंगळी पुढं व्हायची. रावजीचा वाघ दोनदा नदीत पडला, ठकूची शेळी काट्यात अडकली, पण सगू कधी पडली नाही. सगू आता कोंबडीला हूश् करायला लागली. पेरूच्या झाडावर चढायला लागली. गदाधरशास्त्री मनाशी म्हणायचे, चूक आहे हे. मग म्हणायचे, पण पोर हसतेय ना.

महिना सरत आला. रानात कुणी कधी जायचं ते ठरलं. आधी रावजी, दुसऱ्या दिवशी ठकू, तिसऱ्या दिवशी सगू. सगू आजोबांना म्हणाली, "मी काय करणार सांगू? मी सरळ आडव्याच्या तोंडाशी जाणार आणि गाणं म्हणणार. माझं गाणं कधी चुकतच नाही."

शास्त्रीबुवा आपल्या करंगळीकडं बघत राहिले. खऱ्या रानात त्यांची करंगळी कुठून येणार? गाणं चाललं नाही तर ही पोर तिथं नुसती उभी राहील. कारण गाणं चाललं नाही तर काय करायचं, हे तिला कधी शोधावंच लागलं नव्हतं.

त्या दुपारी पुन्हा कवड्या पडल्या, पुन्हा सगूचे डोळे मिटलेले, आणि ठकू म्हणाली, "आजोबा, तुमची करंगळीबी खेळतीया व्हय?"

"काय?"

"म्या चाळीस शेळ्यांवर ध्यान ठेवते. पाच कवड्यांवर न्हाई ठेवू शकत? म्या कालच बगितलं."

सगूनं डोळे उघडले. ठकूकडं पाहिलं, कवड्यांकडं पाहिलं, मग आजोबांकडं.

शास्त्रीबुवांना खोटं बोलता आलं असतं. पण ते फार दमले होते, आणि खोटं बोलायला फार बळ लागतं. ते म्हणाले, "हो. मी कवडी उलटवत होतो."

"म्हणजे नागीण माझ्या गाण्यानं निजली नव्हती?"

"नव्हती."

"सुसर?"

"सुसरही नाही."

"आणि डाकू?"

शास्त्रीबुवांनी नाही म्हणून मान हलवली.

सगू रडली नाही. तिनं आपली सोंगटी उचलली आणि घरात जाऊन भिंतीकडं तोंड करून निजली. शास्त्रीबुवा पटापाशी बसून राहिले. एका पोराला मी नियम देऊन बुडवलं, त्यांना वाटलं, आणि त्याच्या पोरीला लाड करून.

दुसऱ्या दिवशी रावजी रानात गेला. दुपारपर्यंत गडू घेऊन परत आला. कसा आला? आडव्यापुढं वाघासारखा गुरगुरला. आडवा हललाच नाही. मग त्याच्या बगलेखालून सरपटत गेला. अंगाला आठ दिवस वास येत होता म्हणे. त्याच्या पुढच्या दिवशी ठकू गेली. ती आडव्याच्या पाठीवर चढून पलीकडं उतरली. "लय गुदगुल्या हुत्यात त्याला," ती म्हणाली. "हसला तवा म्या पडले असते."

सगू दोन दिवस आजोबांशी बोलली नाही. ताट पुढं केलं तरी घ्यायची नाही, आईकडून घ्यायची. तिसऱ्या दिवशी उजाडता उजाडता ती ओसरीवर आली. तिनं पट पसरला. सोंगटी विहिरीवर ठेवली.

"तीच विहीर," ती म्हणाली. "तीच नागीण. आणि हात मागं ठेवा."

शास्त्रीबुवा दोन्ही हातांवर बसले. "नागीण फणा काढून आहे. तू काय करतेस?"

"गाणं म्हणते." सगूनं कवड्या टाकल्या. या वेळी डोळे उघडे होते. दोन उताण्या, तीन पालथ्या.

शास्त्रीबुवांची करंगळी मांडीखाली वळवळली. पण ते म्हणाले, "गाणं चाललं नाही. नागीण पुढं येते. तू काय करतेस?"

सगूच्या डोळ्यांत पाणी आलं. "रडते."

"पटावरची की इथली?"

"दोघी."

"बरं. दोघी रडतात. नागीण आणखी जवळ येते. मग?"

सगूनं पटावरची सोंगटी नीट उभी केली. नाक पुसलं. मग म्हणाली, "आजोबा, नाही जमलं तरी पुन्हा आपली पाळी असते?"

शास्त्रीबुवांना इतकं साधं कुणी कधी विचारलं नव्हतं. त्यांनी नीट विचार केला. "असते," ते म्हणाले. "मला वाटतं, असते."

"मग मी धरलेला दोर सोडते आणि पाण्यात बुडी मारते. नागिणीचा राग जाईपर्यंत खालीच बसते."

"फार गार आहे पाणी."

"असू दे."

मग तिनं गडू उचलला, आईच्या पाया पडली आणि रानात गेली.

शास्त्रीबुवा आणि वामन रानाच्या तोंडाशी बसले. आत जायची रीत नव्हती. सकाळ गेली. दुपार झाली. रावजी या वेळेपर्यंत परत आला होता. ठकू या वेळेपर्यंत परत आली होती. सगू नव्हती. उन्हं कलली. शास्त्रीबुवा दर घटकेला उठायचे, चार पावलं चालायचे, परत बसायचे.

"वामन," ते शेवटी म्हणाले, "तुला मी चुकीचं शिकवलं."

"माहीत आहे, अण्णा."

"माहीत आहे? मग कधी बोलला का नाहीस?"

"तुम्हाला आधीच फार चुका सापडतात. त्यात माझी कशाला भर?" वामन जमिनीकडं बघत म्हणाला. "मी आडव्यापुढं उभा होतो ना, तेव्हा नियम आठवत होतो. दोनशे बारावा आठवेना. तो आठवेपर्यंत पानं फुटली."

"काय होता दोनशे बारावा?"

"अजून आठवत नाही."

शास्त्रीबुवांना हसू आलं. हसता हसता डोळे भरून आले. वामननं त्यांच्या पाठीवर हात ठेवला.  पाखरं घरट्यांकडं परतू लागली.

आणि तेव्हा जाळी हलली. सगू बाहेर आली. परकर फाटलेला, गुडघा खरचटलेला. गडूत अर्धंच पाणी, पण पाणी होतं. आणि डाव्या पायाच्या अंगठ्याला एक कोवळं हिरवं पान फुटलेलं होतं.

शास्त्रीबुवांनी ते पान पाहिलं. "सगू, गाणं...?"

"नाही चाललं," सगू म्हणाली. "तो म्हणाला, हे मी ऐकलंय. आणि जांभई दिली. मग मी उभीच राहिले. मग पाय जड झाले आणि हे पान आलं. मग मला वाटलं, उभं राहिलं की रुजतं, तर आपण बसू. म्हणून मी बसले."

"बसलीस?"

"हो. मग रडले. रडून झाल्यावर बोटानं मातीत पट काढला. आडवा म्हणाला, हे काय? मी म्हटलं, खेळ. तो म्हणाला, मला येईल का? मी म्हटलं, येईल, पण सरक जरा. तुझं कोपर माझ्या नदीत आलंय."

"मग?"

"मग तो सरकला."

वामन मोठ्यानं हसला. गावात वामनचं हसणं कुणी ऐकलं नव्हतं, त्यामुळं झाडावरचा एक कावळा उडाला.

"अगं, मग तेव्हाच पलीकडं जायचंस ना!" शास्त्रीबुवा म्हणाले. "एवढा उशीर कशाला?"

"खेळ अर्धा टाकून कसं जाणार?" सगू म्हणाली. "त्याला ससा व्हायचं होतं. एवढा मोठा, पण त्याला सशाचं पिल्लूच व्हायचं होतं. आम्ही खडे टाकत होतो. त्याचे खडे वाईट पडले आणि ससा विहिरीत गेला. मग तो रडायला लागला, आजोबा. इतका मोठा रडला की माझा परकर भिजला."

शास्त्रीबुवांनी विचारायचं टाळलं असतं, पण विचारल्याशिवाय राहवेना. "मग तू खडा उलटवलास?"

"नाही." सगूनं त्यांच्याकडं सरळ पाहिलं. "मी त्याला विचारलं, मग तू काय करतोस? त्याला सुचायला फार वेळ लागला. पण मी थांबले. मग त्याचा ससा बादलीत बसून वर आला. त्याचं त्यालाच सुचलं."

 शास्त्रीबुवा वाकले आणि नातीच्या अंगठ्यावरचं पान अलगद खुडायला गेले. मग त्यांनी हात मागं घेतला. सगूनं ते स्वतःच खुडलं आणि फेकून दिलं.

मग काय, गावजेवण झालं. रावजीचा पाट मांडला, ठकूचा पाट मांडला, सगूचा पाट मांडला. सगू पाटावर मांडी घालून बसली आणि तिनं दोनदा भात मागितला. ठकूनं तिच्या पानातलं लोणचं पळवलं. रावजी अजून गुरगुरत होता. वामन पंगतीत वाढत होता, ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत, मधे कुठं न थांबता. आणि गदाधरशास्त्री? ते ताकभात कालवता कालवता भिंतीला टेकले आणि गाढ झोपले. सगूनं त्यांचं ताट हळूच बाजूला सारलं आणि अंगावर पंचा टाकला. कुणी त्यांना उठवलं नाही.

मग सगळी सुखानं राहू लागली. आडवाही. पुढं कुणाला रुजावं लागलं की नाही, ते काही नक्की सांगता येत नाही. पण वेळूगावात ओसरीओसरीवर फाटक्या धोतराचे पट दिसू लागले, एवढं खरं.

झालं. गोष्ट चालून चालून दमली, सांगणाऱ्याचा घसाही दमला. पांघरुणं गळ्यापर्यंत ओढा. कूस बदलायची असेल त्यांनी आत्ताच बदला. मिटा डोळे.